पत्र्याची पाठ

१

सकाळी कारखान्यात उतरलो की मी आधी शेगडी पेटवायचो, मग माणसांशी बोलायचो. शेगडीवर लोखंडी तवा आणि तव्यावर तांब्याचा पत्रा. पत्रा हाताला सोसेल इतका तापला की त्यावर शाई चोळायची, ती रेषांच्या खाचांत उतरू द्यायची आणि वरची सगळी मलमलीने पुसून काढायची. शेवटचा हात तळव्याचा. कुठली रेष खोल आणि कुठली उथळ, हे डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतं. मग पत्र्यावर ओला कागद, कागदावर लोकरीची घडी आणि त्यावरून यंत्राचा जड रूळ. कागद उचलला की चित्र तयार. उलटं, अर्थात. पत्र्यावरचा डावा हात कागदावर उजवा होतो, त्यामुळे आमच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला जगातल्या सुलट गोष्टीच संशयास्पद वाटतात.

मी जुन्या वळणाचा. माझे गुरू नुसत्या एका गालाला शंभर रेषा घालायचे. आडव्या, उभ्या, तिरक्या. सावली म्हणजे रेषांची जत्राच. मग नवी मंडळी आली. त्यांना सावली नको, गाल नको, कपड्यावरची चुणी नको. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार आमच्या चौकापलीकडे, समोरच्या माडीवर राहायचा. अख्खा माणूस तो सात-आठ रेषांत उरकायचा. शहाणी माणसं टोप्या काढून त्या चित्रांपुढे उभी राहायची आणि श्वास रोखून धरायची. त्याचे पत्रे छापायला माझ्याकडेच यायचे, आणि मी त्याचं नाव कंजूष ठेवलं होतं. आधी मनातल्या मनात, पुढे तोंडावर. त्याला राग यायचा नाही. रागालाही दोन-चार रेषा जास्त लागतात, तेवढ्या तो कुठून आणणार?

माझी धाकटी बहीण त्याच्याकडे चित्रासाठी बसायला जायची. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण लहानपणी ती एका जागी घास संपेपर्यंतसुद्धा टिकली नाही. आईवडील लवकर गेले. तिला मीच वाढवलं, म्हणजे ती वाढली आणि मी ओरडत राहिलो. आधी ती कपड्यांना इस्त्री करायच्या कारखान्यात होती. तिथल्या वाफेनं तिची छाती धरली, तेव्हा मीच तिला ते सोडायला लावलं. चित्रकारापुढे नुसतं बसायचं, यात काय वाईट आहे, असं मला वाटलं.

"तू आणि गप्प बसणार?" मी विचारलं होतं.

"गप्प कोण बसतंय? तो म्हणतो, बोला, हवं तेवढं बोला, फक्त हलू नका. दादा, असा श्रोता मला घरात कधी मिळाला नाही बघ."

तिच्या चित्राचा पत्रा पहिल्यांदा छापला त्या सकाळी कंजूष स्वतः कारखान्यात येऊन उभा होता. मी कागद उचलला. स्टुलावर बसलेली बाई, हनुवटी वर, एक हात गळ्याशी, करंगळी गळ्याच्या खळग्यावर टेकलेली. वरचं बटण लागलंय का ते बघावं तशी. मानेतून निघालेली एकच रेष पाठीवरून उतरून टाचेपर्यंत गेली होती, कोरायची सुई मध्ये कुठेही उचललेली नव्हती. खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. नाक नाही, केस नाहीत, सावली नाही आणि तरी ती माझी भिंगरीच होती. आता उठेल आणि बोलायला लागेल, अशी.

कंजूष बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कमी करा."

"अजून? आता काय उरलंय कमी करायला?"

"करंगळी. गळा अडवते."

पत्र्यावरची रेष काढायची म्हणजे तीन धारांच्या पात्यानं तांबं खरवडायचं आणि मग तेल लावून गुळगुळीत पोलादी घोटणीनं घोटायचं. हे काम तो स्वतः कधी करायचा नाही. "घालायचं माझं, काढायचं तुमचं," असं तो म्हणायचा आणि मी खरवडत असताना खिडकीबाहेर बघत राहायचा. पुष्कळ चित्रकार असे असतात. कोंबडी खातात, पण मान मुरगळायला दुसरा लागतो.

तांबं खरवडताना कुरकुरतं, दात आंबतात. त्या दिवशी ते कुरकुरलं नाही. नख मुळापासून कापताना येतो तसा बारीक, ओला आवाज आला. पात्याला चिकटलेला तांब्याचा कीस मी बोटानं काढला, तर तो खरंच ओला होता. तेल आधीच सांडलं असेल असं मी म्हटलं. तेवढ्यात समोरच्या माडीवर खिडकीची लोखंडी झडप आपटल्यासारखा आवाज झाला. मी मान वर केली नाही.

"झालं," कंजूष खिडकीशी उभा राहूनच म्हणाला. त्याची माझ्याकडे पाठ होती, आणि मी पातं अजून खाली ठेवलं नव्हतं.

२

ओरडणं ऐकू आलं ते त्यानंतर.

भिंगरी स्वतःच जिना उतरून चौकात आली. हात तिनं झग्यात गुंडाळला होता, आणि झगा गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. "झडप पडली रे दादा," ती म्हणत होती. "मी नुसती खिडकीशी बसले होते, एवढंच. झडप पडली." पुन्हा पुन्हा तेच. मी तिला उचलून डॉक्टरकडे पळालो. वाटेत कोणाला धक्का लागला, कोणाची टोपली उधळली, मला काही आठवत नाही.

डॉक्टरांनी टाके घातले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला बाजूला घेतलं. "कशानं गेलं म्हणालात?"

"झडपेनं. लोखंडी."

"झडपेनं बोटाचा चेंदा होतो. हे सफाईनं गेलंय." त्यांनी खांदे उडवले. "असो. नशीब समजा."

नशीब! तिला घरी निजवलं आणि मी समोरच्या माडीवर गेलो. निदान बोट तरी शोधावं, म्हणजे काय करायचं ते कळलं नसतं, पण दुसऱ्याच्या फरशीवर माझ्या बहिणीचं बोट पडून राहावं हे मला सहन होत नव्हतं. ती खोली मी पहिल्यांदाच आतून पाहिली. पांढऱ्या भिंती, एक स्टूल, एक खिडकी. गालिचा नाही, पडदा नाही, भिंतीवर खिळासुद्धा नाही. मी गुडघ्यांवर बसून कोपरा न कोपरा पाहिला. बोट नव्हतं. स्टुलाजवळ रक्त होतं, पण झडपेच्या कडेला थेंबही नव्हता. झडप उचलून सोडून पाहिली. बिजागऱ्या इतक्या गंजलेल्या की ती हातानंही नीट पडेना. वारा म्हणावा, तर त्या सकाळी माझ्या शेगडीचा धूर सरळ वर जात होता.

कंजूष दारात येऊन उभा राहिला. अपघाताच्या वेळी तो माझ्या कारखान्यात, माझ्या शेजारी होता. त्याला धरायला माझ्या हाती काहीच नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप आला.

"कशा आहेत त्या?" त्यानं विचारलं.

"बोट गेलं तिचं."

"हो. पण आता हात बघा त्यांचा. किती मोकळा झालाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला मारलं. एकदा नाही. नाकाचं हाड माझ्या मुठीखाली मोडलेलं मला कळलं, तो भिंतीला लागून खाली घसरला, पांढऱ्या भिंतीवर लाल ओघळ उमटला, तरी मी मारत होतो. त्यानं हात वर केला नाही. मी दमून थांबलो तेव्हा तो माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या ओघळाकडे बघत होता.

"एवढा एकच पुरे होता, मास्तर," तो नाक धरून म्हणाला. "बाकीचे उगाच."

३

माणूस रागावलेला असतो तोवर बरा असतो. राग उतरला की विचार येतात.

मी तांब्या-शाईचा माणूस. जे तळव्याला लागत नाही ते नाही, असा माझा हिशेब. पत्र्यावरची रेष आणि बाईचं बोट यांचा संबंध लावणारा माणूस मला कुणी दाखवला असता, तर मी त्याला थंड पाण्यानं डोकं धुवायला सांगितलं असतं. मी स्वतःचं डोकं खरंच धुतलं. मग फडताळातले कंजुषाचे जुने कागद काढून बसलो.

त्यांत एक हमालाचं चित्र होतं. पाठीवर ओझं, वाकलेली मान, दोन पाय. त्याच पत्र्याचा पुढचा कागद पाहिला. ओझं, मान, एक पाय. दुसऱ्या पायाची रेष मीच खरवडली होती. मला तो दिवस आठवला, कारण त्या दिवशीही तांबं कुरकुरलं नव्हतं आणि मी पात्याला धार लावून घेतली होती.

तो हमाल आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुबडी टेकून काड्यापेट्या विकायचा. गाडीखाली सापडला, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. मी त्याच्याकडे गेलो, एक काडीपेटी घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गाडीखालीच ना रे, पाय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गाडीखालीच, मालक."

"जोरात होती गाडी?"

"गाडी उभी होती," तो म्हणाला. "मीही उभाच होतो. हे कोणाला सांगायचं? चला, काडीपेटी आणखी देऊ का एक?"

मी परत आलो आणि दाराला कडी घातली. भिंगरीचा पत्रा टेबलावर होता. करंगळीच्या जागी घोटलेलं तांबं आरशासारखं चकचकत होतं. मनात आलं, काढलेली रेष परत घालता येते. सुई आहे, तांबं आहे, हात आहे. यात वेडेपणा असला तरी नुकसान काय? फार तर मी मूर्ख ठरेन, आणि बघायला इथे आहे कोण?

कंजुषासारखी रेष मला येत नाही. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या रेषा छापण्यात गेलं. मी जीभ दातांत धरून, श्वास रोखून दोन रेघा ओढल्या आणि टोकाशी जोडल्या. करंगळी. होती तिथेच, गळ्याच्या खळग्यावर. जरा जाड झाली, जरा ताठ झाली, पण जागा बरोबर होती.

४

आमचं घर कारखान्याच्या वरच. सकाळी मी दूध तापवत होतो, तेव्हा भिंगरीनं आतून हाक मारली. आवाज असा होता की दूध तसंच टाकून मी धावलो.

तिनं पट्टी सोडली होती. टाके तुटून पट्टीत पडले होते. हाताला पाच बोटं होती.

"दादा," ती हसत होती आणि रडतही होती. "दादा, अरे बघ. बघ ना."

मी बघितलं. करंगळीला पेरं नव्हती. सुरकुती नव्हती. टोक गोल आणि गुळगुळीत, आणि त्यावर नख नव्हतं. पत्र्यावर मी नख काढलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं, तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. तिनं ऐकता ऐकता बोट उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे हे तू काढलंस?" ती म्हणाली. "तरीच! बोट आहे की मेणबत्ती? शाळेत तुला चित्रकलेत मार पडायचा तो उगाच नाही." आणि ती पुन्हा हसली. बोट वाकत नव्हतं, त्याला ऊन-गार कळत नव्हतं, पण होतं. तिनं त्या हातानं कप उचलून दाखवला. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्यापासून तोंड फिरवून उतू गेलेलं दूध पुसत बसलो.

दुपारी ती पाव कापत होती. बोलता बोलता तिचा हात वर गेला आणि करंगळी गळ्याच्या खळग्यावर टेकली. तिनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं तो परत वर गेला.

"हे काय रे," ती म्हणाली. "सारखं तिथेच जातंय."

तिसऱ्यांदा हात गेला तो खाली आलाच नाही. तिनं दुसऱ्या हातानं मनगट ओढलं. मग सुरी टाकून दोन्ही कोपरं टेबलावर रेटली. करंगळी आत शिरत होती. कातडीच्या वर नाही, आत. भिंगरीच्या तोंडातून शिटीसारखा आवाज निघाला आणि ती खुर्चीसकट मागे पडली. मी तिच्या छातीवर गुडघा रोवून ते बोट दोन्ही मुठींनी धरलं. ते गार होतं, आणि तांब्याइतकं टणक. तिच्या टाचा कपाटावर आपटत होत्या. वरच्या बशा एकेक करून फुटत होत्या. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग निळा. मी सुरी उचलून बोटावर घातली. सुरीची धार मोडली.

मी तिला तसंच सोडून जिना उतरलो, उतरलो कसला, पडलो. पत्रा ओढला आणि खरवडायला लागलो. तेल नाही, अंदाज नाही. पातं घसरून माझ्या तळहातात शिरलं, ते उपसून पुन्हा खरवडलं. तांब्याची साल निघत होती, रक्तात कालवली जात होती, माझं कोणतं आणि कोणाचं कोणतं ते कळत नव्हतं. रेघेचा मागमूस उरला नाही तरी मी थांबलो नाही. वरती टाचांचा आवाज बंद झाला, तेव्हा मी पातं टाकलं.

वर गेलो. ती फरशीवर कुशीवर पडली होती आणि श्वास घेत होती. हाताला चार बोटं होती, पाचव्याच्या जागी उघडी जखम. गळ्याच्या खळग्यात अंगठा मावेल एवढा काळानिळा खड्डा पडला होता.

"दादा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पुन्हा चित्र काढू नकोस. तुला येत नाही."

इतकं खोल खरवडलं की पत्रा तिथे खचतो आणि पातळ होतो. खचलेली जागा वर आणायची तर पत्रा पालथा घालून, ऐरणीवर ठेवून, पाठीमागून हातोडीनं हलके हलके ठोकायची असते. शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं. मी ते केलं नाही. तिच्या गळ्यावर मागून हातोडी घालायची माझी हिंमत झाली नाही.

५

दोन-तीन दिवस गेले आणि कंजूष आला. नाक सुजलेलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भिंगरी शेगडीशी बसली होती, गळ्याला गरम पाण्याचं फडकं गुंडाळून. तिला एकटीला वर ठेवायचं मी सोडून दिलं होतं. त्यानं तिला नमस्कार केला नाही. तो सरळ पत्र्याकडे गेला आणि त्यावरच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"तुम्ही इथे काहीतरी घातलं होतंत," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग होता. "एक रेष घातलीत, मास्तर. वाईट रेष."

"आणि काढली पण. आता तुमचं-आमचं संपलं."

"थोडं राहिलंय. तोंड कमी करायचं आहे."

"माझं तोंड?" भिंगरी म्हणाली.

तो तिच्याकडे न बघताच समजावू लागला, अगदी मायेनं. "ओठांची ही रेष. हिची गरज नाही. ती नसली तरी बाई बोलते आहे हे पाठीवरून कळतं. पाठ पुरे आहे. खरं तर पाठीतही थोडं जास्त आहे."

मी पातं उचलून त्याच्या अंगावर गेलो. तो दारापर्यंत मागे सरला, पण घाबरला नाही. "मला मारून रेष कशी वाचेल? पत्रा माझा आहे. तांबं माझं, काम माझं. मी चौकीवर कळवलंय, दुपारी शिपाई येऊन घेऊन जातील. पलीकडच्या गल्लीत दुसरा छापणारा आहे. त्याचा हात तुमच्याहून हलका आहे म्हणतात." आणि तो चौक ओलांडून गेला.

मी दाराला कडी घातली, वर टेबल लावलं. "पळू या," मी म्हणालो. "पत्रा घेऊन आत्ताच निघू."

"आणि जन्मभर त्याला दुपट्यात गुंडाळून फिरायचं?" भिंगरी म्हणाली. "कुठे पडला, कुणी ओरखडा काढला, तू शिंकलास आणि हातातून सुटला, तर? नको रे बाबा. आणि तो दुसरा पत्रा घेईल, दुसरी कोणी बसवेल. दादा, त्याचा हातच नसला तर?"

तिनं पत्रा ओढून घेतला आणि पालथा घातला. मागची बाजू कोरी होती. तिनं सुई उचलली.

"तुला कुठे येतं काढायला?"

"मला नाही येत. पण इतके महिने मी त्याच्यासमोर बसले. त्याला वाटतं, तो एकटाच बघत होता."

डोळे मिटून ती क्षणभर थांबली. मग तिनं सुई टेकवली, आणि ती शेवटपर्यंत उचलली नाही. पुढे आलेली मान, एक खांदा खाली, कागदावर वाकलेली पाठ आणि पत्र्याच्या मध्यावर टेकलेला लेखणीचा हात. शिकलेली रेष नव्हती ती. पण मी आयुष्यात छापलेल्या कुठल्याही रेषेपेक्षा ती खरी होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी भीती विसरलो.

समोरच्या माडीत कंजूष खिडकीशी उभा राहून कोटाच्या गुंड्या लावत होता. भिंगरीनं सुई उचलली तसा तो खाली बसला. कोट अर्धा लावलेला, एक खांदा खाली, मान पुढे. लिहायला टेबलही नव्हतं, तरी हात पुढे टेकल्यासारखा हवेत थांबला.

"बसला," भिंगरी पुटपुटली. मग तिनं माझं मनगट धरलं. "फक्त हात, दादा. मनगटापर्यंत. मारायचं नाही. कळलं ना?"

"कळलं."

६

मी पत्रा टेबलावर घट्ट बसवला आणि पातं लावलं. भिंगरी खिडकीशी उभी राहून मला सांगत होती. गप्प बसणं तिला कधी जमलंच नाही, आणि त्या आवाजाच्या आधारानं माझा हात स्थिर राहत होता.

तांबं कुरकुरलं नाही.

"बघतोय हाताकडे," ती म्हणाली. "अजून काही नाही. हां. गेलं. दादा, अंगठा गेला."

चौकापलीकडून किंकाळी आली. पुरुषाचा आवाज इतका वर जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मी पुढचं बोट घेतलं. मग त्याच्या पुढचं. कीस ओला होता, तो मी फुंकरीनं उडवला तेव्हा टेबलावर लाल ठिपके पडले. खोटं बोलणार नाही, मला बरं वाटत होतं. तिच्या टाचा कपाटावर आपटत होत्या तो आवाज माझ्या कानात होता, आणि पात्याच्या प्रत्येक फेऱ्याला तो थोडा कमी होत होता. कधी नव्हे ते मला कंजुषाचं म्हणणं पटलं. कमी केलं की खरंच मोकळं वाटतं.

"सगळी बोटं गेली," भिंगरी म्हणाली. "भिंतीवर हात आपटतोय. काय ते रक्त, बाई गं. आता मनगट. झालं, दादा. गेलं मनगट. पुरे."

"थोडंच राहिलंय."

"पुरे म्हटलं ना. मनगटापर्यंत ठरलं होतं."

"एवढी कोपरापर्यंतची रेष," मी म्हणालो. तीही काढली. समोर काहीतरी जड कोसळलं, किंकाळीचं रडणं झालं. पण मनगटाच्या जागी एक पुसट खूण मला अजून दिसत होती. खूण राहिली की रेष परत उठते, असं गुरू सांगायचे. मी पुन्हा तिथे आलो. सगळा भार देऊन, दोन्ही हातांनी.

"दादा, माझं ऐक जरा," ती मागून म्हणत होती, "तो आता पडलाय, तो आता काही आपल्याला—"

पातं एकदम सहज आत गेलं. डोळ्यांच्या आधी माझ्या तळव्याला कळलं. इथे पत्रा पातळ होता. पत्र्याच्या मध्यावर, जिथे त्याचा हात टेकला होता, बरोबर तिथे. पलीकडच्या बाजूला तिथे काय आहे, कोणी आणि किती खोल खरवडलंय, आणि मागून न ठोकता तसंच कोणी सोडलंय, हे सगळ्या जगात एकट्या मला माहीत होतं.

मी पत्रा टेबलावरून उचलला. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून उजेड आला आणि माझ्या सदऱ्यावर पडला.

मागचं बोलणं थांबलं होतं. वाक्य अर्धंच राहिलं होतं. पडल्याचा आवाज आला नाही, हुंदका नाही, श्वास नाही. खिडकीपाशी काहीतरी बारीक गळत होतं, थेंब थेंब, फरशीवर.

मी वळलो नाही. मी त्या भोकावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. तांबं कोमट होतं. अंगठ्याखाली नाडीसारखं काहीतरी उडत होतं; मंद, थांबून थांबून, पण उडत होतं. मी अंगठा जरासा सैल केला तर ते थांबायचं. दाबला की पुन्हा सुरू व्हायचं.

"भिंगरे," मी म्हणालो. "बोल ना काहीतरी."

चौकात बुटांचे आवाज आले, दारावर थाप पडली आणि कडी हलली.

"उघडा," बाहेरून कोणीतरी म्हणालं. "पत्रा द्या आणि मोकळे व्हा."